माहेर एडिसनला, नाटक ब्रॉडवेवर : आईला नेमके कोणते दाखवावे?

रेशीमबागकर (प्रश्न)

नमस्कार.

माझ्या पत्नीचे माहेर अमेरिकेत, न्यू जर्सीतील एडिसन येथे आहे. शेजारच्या घरांतील सुना माहेरपणासाठी वर्ध्याला किंवा अमरावतीला जातात आणि कुरडया-पापडांचे डबे घेऊन परततात; आमची सून मात्र न्यू यॉर्कच्या ब्रॉडवे या नाट्यगृहांच्या वस्तीतले एखाददुसरे संगीत नाटक पाहून परतते आणि त्यातील गाणी दिवाळीपर्यंत ओट्याशी उभी राहून म्हणत असते. यंदाच्या उन्हाळ्यात मी आणि माझी आई असे दोघेही तिच्यासोबत जाणार आहोत. आईने आतापासूनच बजावून ठेवले आहे की, नायगारा दाखवा अथवा न दाखवा, विहीणबाईंनी ओटी भरावी अथवा न भरावी, पण "सून जे पाहून येते, ते मले पाहाचं आहे."

आई ही साधी प्रेक्षक नव्हे, हे आधीच सांगणे भाग आहे. तिचे बालपण ब्रह्मपुरीकडे गेले. धानाची कापणी उरकली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि रात्री दहा-अकराला उघडलेला पडदा उजाडायला आल्यावरच पडतो. अशा नाटकांना अंगावर घोंगडी घेऊन, एकही प्रवेश न चुकवता बसलेली ही बाई आहे. नागपुरात आल्यावर तिने आधी धनवटे रंगमंदिर आणि नंतर वसंतराव देशपांडे सभागृह गाजवले, अर्थात प्रेक्षागृहातून. नटाने वाक्य गाळले तर ते तिला कळते आणि ती ते शेजारच्यालाही कळवते.

अडचण अशी की, काय दाखवावे यावर दोन्ही घरांत एकमत नाही. मेहुण्याला 'हॅमिल्टन' पाठ असल्यामुळे दुसरे काही पाहणे हा त्याला कमीपणा वाटतो. सासऱ्यांचे म्हणणे असे की, नाटक कोणतेही असो, टाइम्स स्क्वेअरला रांगेत उभे राहून त्याच दिवसाचे स्वस्त तिकीट काढण्यातच खरा पुरुषार्थ आहे. पत्नीचा भरवसा तिकिटांच्या ऑनलाइन सोडतीवर आहे. आणि आईच्या अटी तर ठरलेल्याच आहेत. बसायचे ते पहिल्या रांगेत, कारण मागे बसून नाटक पाहणे म्हणजे शेवटच्या पंगतीला जेवायला बसणे. गाणाऱ्याचा गळा स्वतःचा हवा, ध्वनिमुद्रित गाणे चालणार नाही. मध्यंतरात आलूबोंडा मिळत नसेल तर घरून डबा नेऊ द्यावा, आणि आवडलेल्या गाण्याला वन्स मोअर देण्याची मुभा असावी. इंग्रजीचे म्हणाल तर बँकेचे पासबुक, डॉक्टरांची चिठ्ठी आणि क्रिकेटचे समालोचन तिला उत्तम समजते; त्यापुढे ती हिंदीचा आधार घेते आणि समोरचा माणूस कोणत्या देशाचा आहे याचा विचार करत नाही.

बरी जागा हवी असेल तर माणशी शंभर-सव्वाशे डॉलर सहज लागतात, असे सासरे म्हणतात. आई तेवढ्या वेळात मनातल्या मनात गुणाकार करून मोकळी होते आणि त्या पैशांत देशपांडे सभागृहातील अख्खी रांग आरक्षित झाली असती, असे सांगते. तरी नाटक कोणते, खुर्ची कुठली आणि तिकीट कोणत्या मार्गाने, या तिन्हींबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

धरमपेठचे आजोबा

आमची लेक जर्सी सिटीत असल्यामुळे या प्रांतात माझे येणे-जाणे असते, म्हणून अधिकाराने लिहितो. आपल्या मातोश्रींना 'द लायन किंग' दाखवा आणि मेहुण्याचे अजिबात ऐकू नका.

कारण सांगतो. काकाने पुतण्याचे राज्य बळकावले, ही या नाटकाची गोष्ट आहे. ती जगात इतरत्र समजावून सांगावी लागत असेल. महाराष्ट्रात पेशवाईपासून आजतागायत कोणालाही समजावून सांगावी लागलेली नाही. मातोश्रींना एकही संवाद कळला नाही तरी कोण कोणाच्या मुळावर उठले आहे, हे त्या दहाव्या मिनिटाला ओळखतील. शिवाय पडदा उघडताना जी साद घातली जाते ती झुलू भाषेत आहे. थिएटरात सोळा-सतराशे माणसे बसलेली असतात आणि त्यांतील बहुतेकांना त्या सादेतले अक्षरही कळत नाही, त्यामुळे प्रयोगाच्या आरंभी तरी आपल्या मातोश्री आणि मॅनहॅटनमधील प्राध्यापक एकाच पातळीवर असतात.

आता खुर्चीविषयी. पहिल्या रांगेचा हट्ट या नाटकापुरता सोडायला सांगा. सुरुवातीच्या त्या गाण्यात प्राण्यांची मिरवणूक प्रेक्षकांच्या मधल्या वाटांवरून रंगमंचाकडे जाते. हत्तीसुद्धा तिकडूनच येतो, माणसांनी आतून चालवलेला. पहिल्या रांगेतल्या माणसाला हे सगळे मान मागे वळवून पाहावे लागते. म्हणून तळमजल्यावर, मधल्या वाटेला लागून असलेली खुर्ची घ्यावी. हे सर्व प्राणी आणि मुखवटे ज्यूली टेमोर या दिग्दर्शिकेच्या कल्पनेतले आहेत आणि त्यात नटाचा चेहरा झाकलेला नसतो. सिंहाचा मुखवटा डोक्याच्या वर असतो आणि राग आला की तो चेहऱ्यासमोर खाली उतरतो, त्यामुळे माणूस आणि जनावर दोन्ही एकाच वेळी दिसत राहतात. याच कामासाठी त्यांना १९९८ मध्ये टोनी हा ब्रॉडवेचा मानाचा पुरस्कार मिळाला आणि संगीत नाटकाच्या दिग्दर्शनासाठी तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. १९९७ पासून हे नाटक चालू आहे, म्हणजे आपल्या मेहुण्याच्या लहानपणापासून चालू असावे.

तिकिटाबाबत आपल्या सासऱ्यांशी मी निम्मा सहमत आहे. टाइम्स स्क्वेअरच्या उत्तर टोकाला टी-के-टी-एस नावाची खिडकी आहे. ती १९७३ पासून चालू असून तिच्या छपरावरच त्या प्रसिद्ध लाल पायऱ्या आहेत. त्या दिवशीची न विकली गेलेली तिकिटे तिथे निम्म्या किमतीपर्यंत उतरतात. परंतु तिथे काय मिळेल हे तिथला फलक सांगेल तेच खरे, आणि जी नाटके भरून वाहतात त्यांची नावे त्या फलकावर सहसा लागत नाहीत. ज्येष्ठ बाईंना उन्हात उभे करून शेवटी भलतेच नाटक पदरात पडायचे, त्यापेक्षा थिएटरच्याच खिडकीवर आधी जाऊन तिकीट काढावे. ऑनलाइन तिकिटावर जो सेवाशुल्काचा भुर्दंड पडतो तो तिथे पडत नाही, आणि खिडकीतला माणूस खुर्चीचा नकाशा पुढे करून नीट सांगतो. एडिसनहून न्यू यॉर्कच्या पेन स्टेशनला थेट गाडी आहे आणि तिथून 'लायन किंग'चे मिन्स्कॉफ थिएटर दहा-अकरा गल्ल्यांवर आहे.

दुरांतो

एवढा खटाटोप कशासाठी, हे मला समजलेले नाही. मुंबईत वांद्र्याला नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्रात २०२३ मध्ये 'द साउंड ऑफ म्युझिक' आणि २०२५ मध्ये 'द फँटम ऑफ द ऑपेरा' हे प्रयोग झाले. रात्री नागपुरात गाडीत बसावे, सकाळी मुंबईत उतरावे, नाटक पाहावे आणि परत यावे. व्हिसाही लागत नाही आणि विहीणबाईही लागत नाहीत.

तिसरी घंटा

दुरांतो यांचा मुद्दा व्यवहाराला धरून आहे, परंतु मूळ प्रश्न माहेरपणाचा आहे आणि सुनेचे माहेर वांद्र्याला हलवणे आता शक्य दिसत नाही.

मी राज्य नाट्य स्पर्धेत वर्षानुवर्षे पडद्यामागे राबलेला माणूस आहे, म्हणून थोडे वेगळ्या बाजूने लिहितो. ज्या बाईंनी झाडीपट्टी पाहिली आहे त्यांना ब्रॉडवे परके वाटणार नाही, उलट तेथील अनेक गोष्टी त्यांना ओळखीच्या वाटतील. दोन्हीकडे नाटक म्हणजे गाणी, नाच, विनोद आणि डोळ्यांत पाणी आणणारा एक प्रवेश, हे गणित पक्के आहे. दोन्हीकडे जिवंत वादक असतात. तिकडे ते बहुधा रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसतात, आणि मोठ्या थिएटरांत किमान किती वादक हवेत हे त्यांच्या संघटनेशी केलेल्या करारातच ठरलेले असते. गळ्याबद्दलही मातोश्रींना निश्चिंत करा. नट स्वतःच गातात. मात्र माइक केसांच्या टोपात, कपाळाच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा लपवलेला असतो, आणि पुढे बसलेल्या चाणाक्ष प्रेक्षकाला तो दिसतोही. आठवड्याला आठ प्रयोग करून असे गायचे असते. सोमवारी बहुतेक थिएटरे बंद असतात; बुधवार आणि शनिवारी दुपारीही खेळ लावायचा तिकडे जुना रिवाज आहे.

आठ प्रयोगांमुळे आणखी एक गोष्ट घडते, तिची पूर्वसूचना द्यावी. आत जाताना प्रत्येकाच्या हाती 'प्लेबिल' नावाची पुस्तिका फुकट ठेवतात. तिच्यातून कधीकधी एक लहानशी चिठ्ठी खाली पडते आणि आजच्या प्रयोगात अमुक भूमिका अमुक नट करील, असे तीवर छापलेले असते. आपल्याकडे प्रमुख नट आला नाही तर प्रेक्षक तिकिटाचे पैसे परत मागतात आणि व्यवस्थापक मागच्या दाराने निघून जातो. तिकडे बदली नट आधीपासून सगळी भूमिका बसवून तयार असतो आणि बहुधा उत्तम करतो, तेव्हा मातोश्रींनी चिठ्ठी पाहून लगेच मत बनवू नये.

वन्स मोअरचे मात्र अवघड आहे. बालगंधर्वांच्या काळात पद पुन्हा गायचे म्हणून नाटक पहाटेपर्यंत लांबत असे. तिकडे संपूर्ण प्रयोग अडीच-पावणेतीन तासांत बसवलेला असतो, दिवे आणि हलते देखावे ठरलेल्या इशाऱ्यांवर चालतात, त्यामुळे पद मागे फिरवता येत नाही. गाणे रंगले तर टाळ्या मनसोक्त वाजवाव्यात. टाळ्या ओसरेपर्यंत नट थांबतात. प्रयोगाच्या शेवटी मात्र सगळे प्रेक्षक उभे राहतील. त्याचा अर्थ नाटक फार महान होते असाच असतो असे नाही, तिथे ती जवळजवळ रीतच झाली आहे. नागपुरात शेवटच्या प्रवेशाला प्रेक्षक उभा राहतो तो गाडी आधी बाहेर काढता यावी म्हणून, तसा गैरसमज करून घेऊन मातोश्रींनी दाराकडे धाव घेऊ नये.

'हॅमिल्टन'विषयी दोन शब्द. ते नाटक श्रेष्ठ आहे यात वाद नाही. अमेरिकेच्या पहिल्या अर्थमंत्र्यावर कोणी गाणी रचावीत आणि लोकांनी ती पाठ करावीत, हे आपल्याकडच्या अर्थसंकल्पाच्या श्रोत्याला पटणे कठीण आहे, पण तसे घडले आहे. त्याचे चित्र दहा डॉलरच्या नोटेवर असल्यामुळे सोडतीतील तिकीटही दहा डॉलरला ठेवले होते. मात्र त्यात सुमारे वीस हजार शब्द आहेत आणि त्यांतील बरेचसे रॅपच्या वेगात येतात. ज्याला ते आधी पाठ आहे त्याच्या शेजारी बसून ते पाहणे ही आणखी वेगळी शिक्षा आहे.

जाता जाता एक. 'फँटम' ब्रॉडवेवर १९८८ पासून २०२३ पर्यंत चालले आणि त्याचे १३,९८१ प्रयोग झाले, हा तेथील विक्रम मोठ्या अभिमानाने सांगितला जातो. प्रशांत दामले यांनी २०२२ मध्येच १२,५०० वा प्रयोग केला, तोही एकट्या माणसाने, हे मातोश्रींना माहीत असेलच. नसेल तर सांगून ठेवा, व्याह्यांच्या घरी उपयोगी पडेल.

रेशीमबागकर

दामल्यांचा आकडा आईला माहीत होता. तो तिने फोनवर विहीणबाईंना सांगितलाही. खुर्चीबद्दल आजोबांचे म्हणणे तिला पटले आहे, पण हत्ती इतक्या जवळून जाणार असेल तर पाय आखडून बसावे लागेल का, अशी विचारणा झाली आहे. डब्याच्या प्रश्नाला अद्याप कोणी हात घातलेला नाही.

महालची सून

डब्याला पुरुष मंडळी हात घालणार नाहीत हे अपेक्षितच होते. मी माझ्या सासूबाईंना घेऊन जाऊन आले आहे, तेव्हा आता माझे ऐकावे.

बाहेरचे खाद्यपदार्थ आत सहसा नेऊ देत नाहीत आणि दारावर पिशव्या तपासतात. सासूबाईंच्या पर्समधून लाडूंचा डबा निघाला तेव्हा तपासणाऱ्या मुलीने तो उघडून वास घेतला, अत्यंत आदराने बंद केला आणि बाजूला ठेवायला सांगितला. आत जे मिळते ते गोळ्या-चॉकलेटे, चिप्स आणि झाकणाच्या प्लास्टिकच्या पेल्यातील महागडी पेये. त्या पेल्यावर नाटकाचे नाव छापलेले असते, त्यामुळे तो घरी आणता येतो. आमच्याकडे त्यात सध्या संत्र्याचा रस दिला जातो आणि पाहुण्यांना पेल्याची किंमत रुपयांत सांगितली जाते. तेव्हा जेवण करूनच निघावे. एडिसनला ओक ट्री रोडवर वडे, सामोसे, चाट सगळे मिळते, तिथेच पोट भरून घ्यावे.

मध्यंतर पंधरा मिनिटांचे असते आणि ते सगळे बायकांच्या स्वच्छतागृहाच्या रांगेतच जाते. ही थिएटरे फार जुनी आहेत, काही तर १९०३ ची आहेत, आणि ती बांधणाऱ्यांनी बायकांचा विचार केलेला दिसत नाही. रांग जिन्यावरून खाली उतरते, वळते आणि पुन्हा वर येते. सासूबाईंची मात्र त्या रांगेत ओहायोहून आलेल्या एका आजींशी गुडघ्यांच्या विषयावर मैत्री झाली. एकीने हिंदीत आणि दुसरीने इंग्रजीत पायऱ्या उतरताना कुठे दुखते ते दाखवले, आणि दोघींचे सर्व मुद्द्यांवर एकमत झाले. ज्यांना पायऱ्यांचा त्रास आहे त्यांनी वरच्या मजल्याचे स्वस्त तिकीट घेऊ नये; बऱ्याच थिएटरांत वर जायला लिफ्ट नाही आणि वरच्या रांगांमध्ये गुडघे पुढच्या खुर्चीला टेकतात. एसी इतका जोरात असतो की नागपूरच्या मे महिन्यातून गेलेल्या माणसाला हुडहुडी भरते, म्हणून शाल हवीच.

आम्ही 'विकेड' पाहिले. ते २००३ पासून गर्श्विन थिएटरात चालू आहे. हे ब्रॉडवेवरील सर्वांत मोठ्या थिएटरांपैकी एक असून वर जायला सरकते जिने आहेत, हा त्याचा मोठा गुण. हिरव्या कातडीची एक हुशार मुलगी आणि तिची गोरीपान मैत्रीण, अशी गोष्ट आहे. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सासूबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "पोरगी गुणाची आहे, पण रंगापायी लगन अडून राहिलं बाप्पा तिचं." यापेक्षा नेमके परीक्षण मी कोणत्याही वर्तमानपत्रात वाचलेले नाही. पहिल्या अंकाच्या शेवटी ती मुलगी गात गात उंच हवेत जाते. सगळे थिएटर श्वास रोखून बसले होते आणि सासूबाई दोरी शोधत होत्या. दोरी नसतेच, झग्याखाली लपवलेल्या यांत्रिक पाळण्यावर तिला वर उचलतात. हे मी नंतर सांगितले तेव्हा, "मंग झगा एवढा मोठा कायले असते, ते समजलं," असे म्हणून त्यांनी विषय संपवला.

दोन इशारे देते. मोबाइल बंद ठेवायला सांगा आणि नाटकात फोटो काढू देऊ नका. बॅटरी घेऊन फिरणाऱ्या मदतनीस बाई अंधारातून नेमक्या येतात आणि सगळी रांग आपल्याकडे पाहते. दुसरे म्हणजे टाइम्स स्क्वेअरला अस्वल, माकड, महामानव अशी सोंगे घेतलेले लोक आपण होऊन गळ्यात हात टाकतात, फोटो काढून घेतात आणि मग पैसे मागतात. सासूबाईंनी एका माकडाला दहा रुपयांची नोट दिली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि नमस्कार केला, पण सगळेच इतके समजूतदार नसतात.

धरमपेठचे आजोबा

महालच्या ताईंनी वेळेचे लिहिले नाही म्हणून पुरवणी जोडतो. खेळ दिलेल्या वेळेला सुरू होतो; फार तर पाच-सात मिनिटे इकडे-तिकडे. उशिरा आलेल्यांना योग्य क्षण येईपर्यंत बाहेर थांबवतात. 'लायन किंग'ला उशीर झाला तर हत्ती गेलेला असेल. नागपुरी साडेसहाच्या हिशेबाने निघू नका, गाडी एक आधीची धरा. आणि पाय आखडण्याचे कारण नाही, हत्ती चालवणारी माणसे सवयीची आहेत.

रेशीमबागकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बुधवारचा दुपारचा खेळ मिळतो का ते पाहायचे आणि तिकीट थिएटरच्या खिडकीवर काढायचे असे ठरले आहे. सासऱ्यांचा पुरुषार्थ दुखावला जाऊ नये म्हणून खिडकीवर त्यांनाच पाठवण्यात येणार आहे. मेहुण्याने नाराजी नोंदवली आणि ती नोंदवून घेण्यात आली.

एक नवीनच गोष्ट मात्र उघडकीस आली. आईने फोनवर विहीणबाईंना, "तुम्ही तर नेहमी पाहत असाल," असे विचारले, तेव्हा पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. इतकी वर्षे ब्रॉडवेपासून तासाभराच्या अंतरावर राहून त्यांनी तिथले एकही नाटक पाहिलेले नाही. पाहुणे आले की लोकांना तिकिटे काढून द्यायची, स्टेशनवर सोडायचे आणि घरी येऊन पोळ्या लाटायच्या, असाच त्यांचा क्रम राहिला आहे. आईने तत्काळ निकाल दिला की त्या दिवशी पोळ्या व्याही लाटतील. त्यामुळे तिकिटे आता एकाने वाढली आहेत, आणि दोन्ही विहिणींना मधल्या वाटेलगतचीच खुर्ची हवी आहे. वाटेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशा समोरासमोरच्या खुर्च्या खिडकीवर मागितल्या तर देतात का?

महालची सून

देतात. पण मग मधून हत्ती जाताना त्या एकमेकींशी बोलणार नाहीत, याची हमी आपण द्यावी लागेल.